अठरा दिवसांचं पॉलिश

कॅमेरा चालू व्हायला वीस मिनिटं उरली होती आणि अब्बा इस्त्रीचा कुर्ता घालून माझ्याच खुर्चीत बसले होते. डोक्यावर ईदची टोपी, कानात अत्तराचा फाया. एवढे नटून ते शेवटचे बसले होते ते माझ्या बहिणीच्या निकाहात.

मी म्हटलं, आत जाऊन जरा पडा, तासभर चालेल हे, कंबर धरेल.

"धरू दे की," अब्बा म्हणाले. "माझी गिटार आज मुलूख बघणार, आन् मी आत लोळत पडू?"

खरं तर ती गिटार त्यांची नव्हती आणि माझीही नव्हती. ती एस्तेरबाई वाघचौरेंची होती. एस्तेरबाई समोरच्या बाकावर मांडीवर पर्स घेऊन ताठ बसल्या होत्या. मिरजेतच पस्तीस वर्षं नर्स म्हणून काढलेल्या, आता सत्तरीला टेकलेल्या. बोलणं कमी, आणि नजर अशी की समोरच्याला साधा ताप लपवता येऊ नये. इचलकरंजीला भाचीच्या शेजारी तळमजल्यावरची एक खोली घ्यायची म्हणून त्या गिटार विकत होत्या. जिने चढणं आता त्यांना जमत नव्हतं.

या गोष्टीला आता सहा वर्षं झाली. आमची गल्ली सतारीची. माझे पणजोबा, आजोबा, अब्बा, सगळे भोपळे कोरत आणि तारा लावत म्हातारे झाले. मी मात्र गिटारीकडे वळलो. आधी कॉलेजच्या पोरांच्या मोडक्या गिटारी दुरुस्त केल्या, मग जुन्या विलायती गिटारींचा नाद लागला आणि हळूहळू त्यातलं कळायला लागलं. मुंबईत 'ठेवा' नावाची एक कंपनी जुन्या वस्तूंचे लिलाव इंटरनेटवर करायची. तिच्याकडे गिटार आली की ती माझ्याकडे पारखायला यायची. मी ठोकून बघायचो, दाताच्या डॉक्टरांचा छोटा आरसा आत घालून बघायचो, वाकलेली मान मोजायचो आणि बावीस रकान्यांचा फॉर्म भरायचो. माझ्या सहीवर लोक कधी न पाहिलेल्या गिटारीवर लाख-दोन लाखांची बोली लावायचे. गल्लीतले लोक मला 'लाकडाचा डॉक्टर' म्हणून चिडवायचे, आणि अब्बा ते कौतुकानं सगळ्यांना सांगत सुटायचे.

एस्तेरबाईंची गिटार शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका लहानशा कारखान्यात झालेली. बांधा छोटा, पाठ काळसर शिसवी, पुढची फळी पांढऱ्या लाकडाची, आत कारखान्याची पिवळी पडलेली चिठ्ठी. मिस हॅना नावाची एक परदेशी नर्स ती घेऊन मिरजेला आली आणि मायदेशी परत जाताना एस्तेरबाईंना देऊन गेली. पुढचं अब्बांच्या तोंडूनच ऐकण्यासारखं होतं. बत्तीस वर्षं ते ही गोष्ट सांगत होते आणि तिचा एक शब्द इकडचा तिकडे होत नव्हता; तिच्यातला इलाही म्हणजे मी.

"मेमसाहेब गेल्या," अब्बा सुरू करायचे. "एस्तेरबाई तारांखालची घोडी सुटली म्हणून गिटार घेऊन आल्या. बघतो तर काय, काळीमिट्ट. घामानं मेणचटलेली, अंगभर बारीक भेगा. म्हटलं, आठवणीची चीज अशी मळकी परत द्यायची? जुनं पॉलिश काचेनं खरवडून काढलं. एकटा कुठं, माझ्या इलाहीनं काच धरली. एकोणीस वर्षांचं पोर, पण हात काय हलका त्याचा. मग अठरा दिवस लाखेचं पॉलिश. रोज एक हात, दुसरा न्हाई. पैसा एक घेतला न्हाई. अजून तोंड दिसतंय त्यात."

आमच्या गल्लीची ती रीतच होती. वाद्य तार तुटली म्हणून येवो नाहीतर खुंटी मोडली म्हणून, चमकल्याशिवाय दुकानाबाहेर जायचं नाही. मळकं वाद्य गिऱ्हाइकाच्या हातात देणं म्हणजे पाहुण्याला खरकट्या ताटात वाढणं. सतारीला ही रीत मानवते, कारण सतार दर काही वर्षांनी नवं पॉलिश मागतेच.

जुन्या गिटारीचं तसं नसतं, हे मला पुढं पंधरा-वीस वर्षांनी कळलं. तिचा काळेपणा, भेगा, कुणाच्या तरी मनगटानं घासून गेलेली जागा, याचेच शौकीन लोक पैसे मोजतात. पॉलिश खरवडलं की गिटारीची निम्मी किंमत गेली, आणि ती कितीही चमकवली तरी परत येत नाही. ज्या दिवशी हे एका पुस्तकात वाचलं त्या दिवशी मला पहिली आठवली ती एस्तेरबाईंची गिटार. अब्बांच्या आयुष्यातलं सगळ्यात देखणं काम ही माझ्या फॉर्मच्या नवव्या रकान्यातली, पॉलिशच्या रकान्यातली, सगळ्यात मोठी खोट होती.

हे त्यांना सांगायचं नाही असं मी तेव्हाच ठरवून टाकलं. नंतर त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला आणि हत्यारं सुटली. दिवसभर दुकानात बसून यायच्या-जायच्याला गोष्टी सांगणं एवढंच काम त्यांना उरलं, आणि त्यातली पहिली गोष्ट हीच. ती त्यांच्याकडून काढून घेण्यापेक्षा मी त्यांचा दुसरा हात काढून घेतला असता.

म्हणून एस्तेरबाईंनी गिटार दुकानात आणून ठेवली तेव्हा मी कात्रीत सापडलो. त्यांनी सरळ विचारलं होतं, "इलाही, पॉलिश तुमच्याकडंच केलं होतं. ते लिहावं लागेल ना रे?" मी म्हटलं, बघतो. अब्बा तेव्हा शेजारीच बसून गिटारीवरून बोटं फिरवत होते.

मी नववा रकाना कोरा ठेवून फॉर्म पाठवला. तो कोरा राहू देतील असं मला का वाटलं कोण जाणे. दुसऱ्याच दिवशी कंपनीतल्या मृणालचा फोन आला. मुलगी हुशार आणि नम्र, पण नियमाला पक्की. सर, नऊ नंबर राहिलाय. मी म्हटलं, ही गिटार यादीतून काढून टाका, मला तिची खात्री नाही. ती म्हणाली, फोटो कालच लागले, शंभरावर लोक बघून गेले, आता काढता येणार नाही. मी म्हटलं, मग दुसरा पारखी बघा. ती म्हणाली, वस्तू तुमच्या दुकानात आहे, आणि एवढ्या किमतीच्या वस्तूला पारख्यानं कॅमेऱ्यासमोर बसून प्रश्नांना उत्तरं द्यायचीच असतात. नऊ नंबर मग लोक तिथंच विचारतील.

मी अब्बांना त्या दिवसापुरतं बहिणीकडं जयसिंगपूरला धाडायचं ठरवलं, तर तिच्या घरात नेमकं रंगकाम निघालं. मग पडद्यामागच्या खोलीत लॅपटॉप लावतो म्हटलं, तर तिथं इंटरनेटची एक काडी दिसेना. अब्बा स्वतःच म्हणाले, अरे, दुकानातच लाव की, उजेड चांगला पडतो गिटारीवर. आणि आदल्या दिवशी न्हाव्याकडे जाऊन दाढी कोरून आले.

शेवटी एकच वाट उरली. अब्बांना इंग्रजी येत नव्हतं. मृणालला मी गळ घातली की प्रश्न लेखी मागव, तू ते इंग्रजीत वाच आणि मी इंग्रजीत उत्तर देतो. माझं इंग्रजी म्हणजे गिटारीच्या पुस्तकांपुरतं, पण 'नाही, पॉलिश नंतरचं आहे' एवढं सांगायला पुरेसं होतं. एस्तेरबाईंनाही मी फोनवर हे सांगून ठेवलं. त्या म्हणाल्या, खरं सांग म्हणजे झालं, भाषा कुठलीही असू दे. खरं सांगायचं आणि अब्बांना कळू द्यायचं नाही, दोन्ही साधणार होतं. मी माझ्या अकलेवर खूश होतो.

बरोबर अकरा वाजता मृणालचा चेहरा पडद्यावर आला. तिनं माझी ओळख करून दिली. मी गिटार कॅमेऱ्यासमोर फिरवली, पाठ दाखवली, चिठ्ठी दाखवली, मान किती सरळ आहे ते पट्टी लावून दाखवलं. अब्बा बाजूला, कॅमेऱ्याच्या कडेला निम्मे दिसत होते. मधेच ते हळूच पुढं सरकले, म्हणजे पूर्ण दिसावेत. पडद्याच्या कोपऱ्यात बोली चढत होती आणि खाली घड्याळ उलटं चालत होतं. बाराला लिलाव बंद होणार होता.

पाच-सहा प्रश्न ठरल्याप्रमाणे झाले. खुंट्या जुन्या आहेत का, फळीला चीर आहे का. मृणालनं इंग्रजीत वाचलं, मी इंग्रजीत उत्तर दिलं. अब्बा प्रत्येक उत्तराला मान डोलवत होते, जणू काही सगळं समजतंय. मला आतून हसू यायला लागलं होतं.

मग मृणाल म्हणाली, "सर, एक गृहस्थ टाइप करू शकत नाहीत म्हणतात, थेट बोलायचंय त्यांना. जोडते." मी नको म्हणेपर्यंत तिनं जोडलंसुद्धा.

नागपूरचे प्राध्यापक डोईफोडे. पडद्यावर पांढऱ्या मिशा आणि मागं भिंतीवर टांगलेल्या दोन गिटारी. सगळ्यात मोठी बोली त्या वेळी त्यांचीच होती. ते शुद्ध, सावकाश मराठीत बोलले, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जावं तसे.

"नमस्कार इलाहीजी. माझा एकच प्रश्न आहे, आणि उत्तर मला तुमच्या तोंडून ऐकायचं आहे. हिचं पॉलिश कारखान्यातलंच आहे ना? मधे कुणी हात तर नाही लावला?"

बाहेर कुणीतरी भोपळा घासत होतं. मी इंग्रजीत काहीतरी सुरू केलं, तर प्राध्यापक हसून म्हणाले, "अहो, मराठीत सांगा, आपण दोघंही इथलेच."

मी अब्बांकडे पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते. चेहरा असा उजळलेला, की बत्तीस वर्षांनी आता कुणीतरी नेमका प्रश्न विचारलाय आणि त्यांचा मुलगा आता जगाला उत्तर देणार आहे. दुसरीकडं एस्तेरबाई पर्सची चेन उघडझाप करत होत्या. सरस लावलेल्या फळीला दोन्ही बाजूंनी शिकंजे आवळतात तसा मी मधे होतो. पॉलिश अब्बांचं आहे म्हटलं, तर प्राध्यापक विचारणार की मग जुनं काय झालं, आणि मग काय नुकसान झालं ते अब्बांच्या देखत मलाच सांगावं लागणार. उत्तराला उशीर होत होता आणि उशीर हेही एक उत्तर असतं, हे मला कळत होतं.

"मूळचं आहे," मी म्हटलं. "कारखान्यातलंच."

शंभर वर्षांपूर्वीच्या त्या गिटारींनाही लाखेचंच पॉलिश असायचं. अब्बांनी पॉलिश केलं तेव्हा, सत्त्याऐंशी साली, आमच्या दुकानात नव्हता असा कुठलाही पारखी फसला असता. प्राध्यापकांनी "वा, वा," म्हटलं आणि त्यांची बोली दुप्पट झाली. त्यांच्यामागं आणखी दोघं चढले. आकडा मी एस्तेरबाईंना सांगितला होता त्याच्याही वर गेला. एस्तेरबाईंनी आकड्याकडे पाहिलंच नाही. त्या खाली फरशीकडे बघत होत्या.

घड्याळात चौदा मिनिटं उरली होती. चौदा मिनिटं गप्प बसलं की सगळं निभावणार होतं, आणि मला त्या खुर्चीतून उठून कुठंतरी पळून जावंसं वाटत होतं. वीस वर्षांत मी गिटारीबद्दल खोटं बोललो नव्हतो. अब्बांकडे मान वळवायची मला हिंमत होईना. आता ते दुखावले असतील, असं माझ्या मनात आलं. त्यांचं काम मी कारखान्याच्या नावावर घातलं होतं. त्यांना जपायच्या नादात मी त्यांची गोष्टच पुसून टाकली होती.

"इलाही," अब्बा म्हणाले, "ते चालू हाय नव्हं अजून?"

मी काही बोलायच्या आत त्यांनी खुर्ची ओढून कॅमेऱ्यासमोर घेतली. माझ्याकडून गिटार काढून घेतली, मांडीवर आडवी ठेवली आणि टोपी नीट केली.

"नमस्कार साहेब. मी मौलासाहेब, ह्याचा बाप. पोरगं बोललं ते त्याला ठाऊक हाय तेवढंच बोललं. हे पॉलिश कारखान्याचं न्हाई. माझं हाय."

प्राध्यापकांच्या मिशा हलल्या नाहीत.

अब्बा सांगायला लागले. मेमसाहेब गेल्या, घोडी सुटली, गिटार काळीमिट्ट. तीच गोष्ट, तेच शब्द. "जुनं सगळं काचेनं खरवडून काढलं. मी एकट्यानं. हा तवा पुण्याला होता, त्याला ह्यातलं काय बी म्हाईत न्हाई. मग अठरा दिवस लाखेचं पॉलिश केलं. रोज एक हात. बघा की, अजून तोंड दिसतंय." आणि त्यांनी गिटार कॅमेऱ्यासमोर अशी तिरकी धरली की तिच्यात त्यांची टोपी दिसली.

मी तोंड उघडलं. अब्बांनी गिटारीखालून हात घालून माझा गुडघा दाबला. कंप सुटलेल्या हातात एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं.

"खरवडलंत?" प्राध्यापकांनी फक्त एवढंच विचारलं.

"व्हय. खरवडलं."

पुढचं लवकर उरकलं. मृणालनं जाहीर केलं की वस्तूच्या वर्णनात बदल झालाय, बोली लावणाऱ्यांना मागं घ्यायची असेल तर घेता येईल. एकेक जण उतरत गेला. बारा वाजता आकडा पाऊण भागानं खाली आला होता आणि गिटार घेतली ती प्राध्यापकांनीच. का घेतली ते त्यांनी सांगितलं नाही.

पडदा काळा झाल्यावर एस्तेरबाई उठल्या. मला वाटलं आता ऐकावं लागणार. त्या म्हणाल्या, "इलाही, मी मघाशी बोलायला हवं होतं. खोलीचा विचार आला आणि तोंड उघडलं नाही माझं." मग अब्बांकडे वळून म्हणाल्या, "बरं केलंत मौलाभाई. भाचीकडं वरच्या मजल्यावर एक खोली आहे, सावकाश चढेन." आणि पायरीवरून सांभाळून उतरून गेल्या.

त्यांची पाठ वळली न वळली तोच फोन वाजला. मृणाल होती. तिचा आवाज थकलेला होता, पण तिनं माझी वाट आधीच मोकळी करून ठेवली होती. "सर, तुम्ही तेव्हा पुण्यात होतात, तुम्हाला कल्पना नव्हती, असं मी रिपोर्टमध्ये लिहिते. म्हणजे तुमच्यावर काही येणार नाही. चालेल ना?"

मी म्हटलं, दहा मिनिटांत कळवतो.

अब्बा टोपी काढून घडी घालत होते. मला त्यांचा मनस्वी राग आला होता. बढाईपायी त्यांनी एका बाईची तळमजल्याची खोली घालवली आणि माझी इज्जत पणाला लावली, असंच मला वाटत होतं. घरात आम्ही आमची दख्खनी बोलतो, पण ते बोलणं इथं मराठीतच सांगतो. मी विचारलं, का बोललात मधेच? काय गरज होती?

"पॉलिश कुणाचं ते त्या माणसानं विचारलं. म्हटलं सांगावं."

"अब्बा, तुम्हाला कळत नाही. ते पॉलिश..." आणि मी थांबलो. जे इतकी वर्षं गिळलं ते आता रागाच्या भरात ओठावर आलं होतं.

"मारलं तिला," अब्बा म्हणाले. "असंच म्हणतात नव्हं?"

हातातला फोन मी बाजूला ठेवला.

"कोल्हापूरचं ते पोरगं आठवतंय तुला? जुनी गिटार कागदानं घासून घेऊन आलेलं? त्याला तू म्हणालास, जुन्या गिटारीचं पॉलिश खरवडलं म्हणजे तिला मारलं. निम्मी किंमत गेली म्हणालास. मी पडद्यामागं चपडा भिजवत होतो."

त्याला बारा वर्षं झाली होती. चपड्याच्या, म्हणजे लाखेच्या पापड्या पॉलिशसाठी स्पिरिटमध्ये भिजत घालणं, ढवळणं, गाळणं हे काम तेव्हा अब्बाच करायचे. त्या दिवशी पडद्याच्या पलीकडे ते काय ढवळत उभे राहिले असतील, ते आता माझ्या डोळ्यांपुढं आलं.

"मग इतकी वर्षं ती गोष्ट का सांगत राहिलात?"

"बंद केली असती, तर मला कळलंय ते तुला कळलं असतं," अब्बा म्हणाले. "तू किती जपत होतास. एवढं जपणारं पोरगं, त्याला कशाला तोंडघशी पाडायचं?"

मला रडूही येत होतं आणि हसूही. बारा वर्षं आम्ही दोघं एकाच दुकानात, हाताच्या अंतरावर बसून, एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो. ते सांगायचे, मी ऐकायचो, गिऱ्हाईक वाहवा म्हणायचं.

"आज गप्प बसला असतात तर निभावलं असतं," मी म्हटलं. म्हणायला म्हटलं, जोर नव्हता त्यात.

"माझ्यापायी तू खोटं बोललास. ते कसं बघू मी? तुझी सही हाय त्या कागदावर. उद्या कुणाला कळलं असतं, तर त्या सहीचं काय ऱ्हायलं असतं?" त्यांनी टोपीची घडी खिशात ठेवली. "आता कुणी काय म्हणणार न्हाई. म्हातारं बरळलं म्हणतील."

आतून माझी बायको चहा ठेवून गेली. अब्बा बशीत ओतून फुंकर घालत बसले. आता मला त्यांची कॅमेऱ्यासमोरची गोष्ट पुन्हा ऐकू यायला लागली. बत्तीस वर्षं जिचा शब्द हलला नाही, त्या गोष्टीत आज एक माणूस कमी होता. माझ्या इलाहीनं काच धरली, हे वाक्य त्यांनी गाळलं होतं. अभिमानानं सांगणारा बाप मुलाचं नाव गाळत नाही. त्यांनी सगळी चूक उचलून स्वतःच्या पदरात घेतली होती, आणि मला तिथून लांब नेऊन ठेवलं होतं.

आणि नेऊन ठेवलं होतं तेही पुण्याला. एकोणीस वर्षांचा असताना मला पुण्यात एका गिटारीच्या दुकानात काम मिळालं होतं. चिठ्ठी आली होती, पेटी भरली होती. अब्बा म्हणाले, तू गेलास तर इथलं कोण बघणार? मी गेलो नाही. त्यावर आम्ही पुन्हा एक शब्दही बोललो नव्हतो. त्याच महिन्यात एस्तेरबाईंची गिटार आली आणि माझ्या हातात काच आली. किती रागानं खरवडत होतो मी तेव्हा, ते मला एकट्यालाच ठाऊक होतं. निदान मला तसं वाटत होतं.

"अब्बा," मी विचारलं, "मी पुण्याला कधी होतो?"

त्यांनी बशी खाली ठेवली. थोडा चहा कुर्त्यावर सांडला, तो त्यांनी पुसला नाही.

"तवा पाठवलं न्हाई तुला," ते म्हणाले. "आज पाठवलं."

मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, मघाशी त्यांनी माझ्या ठेवला होता तसा. दहा मिनिटं कधीच होऊन गेली होती. मी फोन उचलला आणि अब्बांच्या शेजारीच बसून मृणालला लावला.

"मृणाल, रिपोर्टमध्ये पुणं लिहू नका," मी म्हटलं. "मी कुठंही गेलो नव्हतो. इथंच होतो, अब्बांच्या जवळ. काच माझ्या हातात होती."